पावणेसात सेंटिमीटर

९ जानेवारी, गुरुवार
सकाळचे साडेदहा

प्रिय धाकट्या,

पत्र पाहून हसशील. चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला कुणी पत्र लिहितं का? पण फोनवर मी दोन वाक्यांच्या पुढे जात नाही, आणि तू "हां हां, गोळ्या घेतल्या का" म्हणून विषय मिटवतोस. समोर आलास तर खुर्चीत टेकत नाहीस, औषधांच्या पट्ट्या तपासत घरभर फिरतोस. म्हणून हा कागद.

हे पत्र तुझी वहिनी रविवारी संध्याकाळी तुझ्या हातात देईल. पुढच्या गुरुवारी मला तपासणीला दवाखान्यात न्यायचं तू कबूल केलं आहेस. त्याआधी तू हे वाचावंस आणि मग यायचं की नाही ते ठरवावंस, असं मला वाटतं. असं का म्हणतो ते पुढे येईल. आधी खुशाली.

मी बरा आहे. घरी आल्यापासून चक्कर एकदाही आली नाही. डाव्या खांद्याखाली टाके ओढतात, पण नवी शिवण थोडी ओढणारच. सोडताना डॉक्टरीणबाईंनी पट्टी बदलली तेव्हा मी आरशात नीट पाहून घेतलं. छातीच्या कातड्याखाली त्यांनी एक लहानसा खिसा केला आहे, त्यात हृदयाचे ठोके सांभाळणारं ते पेसमेकरचं यंत्र ठेवलं आहे आणि खिशाचं तोंड शिवून टाकलं आहे. मी म्हटलं, "बाई, टाके अगदी सारखे पडलेत." त्या म्हणाल्या, "शिंप्याची शाबासकी पहिल्यांदाच मिळते आहे. लिहून द्या, भिंतीवर लावते."

सहा आठवडे मशीनवर बसायचं नाही आणि डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. तुझ्या वहिनीनं मशीनवर चादर टाकली आहे आणि चादरीवर आपली विणकामाची टोपली ठेवली आहे. टोपली तसूभर हलली तरी तिला कळतं. काल मी नुसतं तेल घालायला म्हणून गेलो, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "तिकडे काही सांडलंय का तुमचं?"

आता तुझे आभार. तुला हे सगळं माहीत आहे, पण मला ते माझ्या बाजूनं एकदा सांगू दे.

रेंजवर येणाऱ्या औषधवाल्याचं नेमबाजीचं जॅकेट मी दिवाणावर घेऊन बसलो होतो ते नोव्हेंबरपासून. तो माझ्याइतकाच उंच, छाती तीच, खांद्यांचा उतार तोच. अशा गिऱ्हाइकाला मी वारंवार दुकानात बोलवत नाही, स्वतःच घालून पाहतो. ही माझी जुनी खोड. जॅकेट घालायचं, दुकानाच्या फरशीवर पोतं अंथरून पालथं पडायचं, तू करून दिलेली ती लाकडी बंदूक खांद्याला लावायची, पट्टा दंडावर आवळायचा आणि समोरच्या भिंतीवर काढलेला काळा ठिपका नळीच्या टोकावरच्या कडीत धरायचा. जॅकेट चांगलं बसलं असेल तर ठिपका कडीत गोठून राहतो. मुंढा कुठे दाबत असेल किंवा पट्ट्याची आकडी चुकीच्या जागी असेल, तर दंडातली नाडी बंदुकीत उतरते आणि कडी प्रत्येक ठोक्याला उडते. जॅकेटनं माणसाला धरायचं असतं, दाबायचं नसतं, हे मला तूच शिकवलंस.

तर कडी उडत होती. मी मुंढा मोठा केला. उडतेच आहे. आकडी दोन बोटं खाली घेतली. उडतेच आहे. खालची दोन बटणं सोडून पाहिली, कोपराचं रबर बदललं, बाहीची शिवण उसवून पुन्हा घातली. अकरा वेळा ते जॅकेट मी उसवलं. औषधवाला रोज संध्याकाळी येऊन उंबऱ्यात उभा राहायचा. "शिंपीकाका, मला यात नेम धरायचाय, लग्नाला उभं राहायचं नाहीये." मी म्हणायचो, "अजून दोन दिवस. यात काहीतरी खोट आहे." उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, तिचं खापर मी चष्म्यावर फोडलं होतं.

शेवटी वैतागून ते जॅकेट घेऊन रेंजवर आलो. तू तिथे लक्ष्यं लावतोस हे मला माहीत होतं. सात वर्षं आपण एकमेकांना पाहून मान वळवत आलो आहोत, तशीच वळवायची, असं ठरवून आलो. खरी बंदूक मागून घेतली, गादीवर पालथा पडलो. औषधवाला शेजारी उभा होता. मी कडीत पाहत होतो आणि मागे कुणाची तरी पावलं थांबली. कोण ते मला कळलं. तू चालताना डावा पाय किंचित घासतोस.

मला वाटलं, जाशील पुढे. तू गेला नाहीस. किती वेळ उभा होतास कोण जाणे. मग तुझा आवाज आला, सात वर्षांत पहिल्यांदा.

"बंदूक खाली ठेव."

मी म्हटलं, "जॅकेटचं काय चुकतंय ते बघतोय."

"जॅकेटचं काही चुकत नाहीये. नळीचं टोक दोनदा हलतंय, मग थांबतंय, मग एकदम उसळतंय. जॅकेटनं दाबलं तर ठोका मोठा दिसतो, गाळला जात नाही. ऊठ. हळू ऊठ."

मग तू औषधवाल्याला तेच जॅकेट घालून तिथेच झोपवलंस. नळी दगडासारखी. तो पडल्या पडल्या म्हणाला, "अहो, हे तर झकास बसलंय! दोन महिने कशाची वाट बघत होता?" मी हसायला गेलो आणि जमीन सरकली. तू मला धरलंस.

पुढचं तूच केलंस. स्कूटरवर तुझ्या पाठीला मला उपरण्यानं बांधून नेलंस, जसं आई तान्ह्या पोराला बांधते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय मधूनमधून चार-चार सेकंद थांबत होतं, कधीतरी थांबून राहिलं असतं. चार रात्री तू त्या लोखंडी बाकावर काढल्यास. घरून माझी उशी आणलीस, कारण दवाखान्याची उशी उंच होती. मी न सांगता आणलीस. लहानपणी एका अंथरुणात झोपलेल्या माणसालाच ते माहीत असतं.

मी रोज सकाळी हात जोडतो तेव्हा काही मागत नाही, ही बाबांची शिकवण. पण या आठवड्यात मी हात जोडले आणि तसाच बसून राहिलो. मनात आलं, देवाला माझ्याकडे पाहायचं होतं, त्यानं त्यासाठी तुझे डोळे घेतले. दुसऱ्या कुणाला नळीच्या टोकावरून नाडी वाचता आली असती? आणि ज्याला येते, त्यानंच माझ्यामागे थांबावं, पुढे निघून जायचा त्याला पुरेपूर हक्क असताना?

इथे थांबतो. दमलो, असं तुझ्या वहिनीला सांगितलं आहे. दमलो नाही.


१० जानेवारी, शुक्रवार
दुपार

काल मी दवाखान्यातली एक गोष्ट गाळली.

दुसऱ्या रात्री दिवे मंद केल्यावर तू खुर्ची पलंगाजवळ ओढलीस. माझे डोळे मिटलेले होते. तू हळू आवाजात म्हणालास, "दादा, मी उगाच सात वर्षं तोंड फिरवलं. चारचौघांत बोललास म्हणून राग आला, पण तू खोटं काय बोललास? पोट माझंच सुटलं होतं. खापर तुझ्या माथी मारलं. माफ कर."

मी जागा होतो. मी झोपेचं सोंग घेतलं. तू माझ्या पायांवर चादर सारखी केलीस आणि बाहेर बाकावर गेलास. मी पहाटेपर्यंत छताकडे पाहत होतो.

धाकट्या, तुझं पोट सुटलं नव्हतं.

आता सगळं क्रमानं लिहितो. नियम तुला पाठ आहेत, तरी लिहितो, कारण वहिनी हे पत्र वाचूनच तुझ्याकडे नेणार आहे, आणि तिच्यापासूनही मी हे लपवलं आहे. नेमबाजाचं जॅकेट अंगाला बांधल्यासारखं घट्ट असू नये, नाहीतर त्याच्या बळावरच माणूस स्थिर राहील. म्हणून स्पर्धेआधी तपासणीत उभं करतात, बटणं लावायला सांगतात, आणि मग स्प्रिंगकाट्यानं पुढची बाजू ओढून पाहतात. बटणं लागतात त्या जागेच्या पलीकडे सात सेंटिमीटर तरी ती जायला हवी. गेली तर जॅकेट पास.

निवडस्पर्धेच्या तीन दिवस आधी तू दुकानात आला होतास. चाळिशी ओलांडत होतास, ही शेवटची संधी, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही बोलत नव्हतो. तू जॅकेट घालून पोत्यावर पडलास आणि म्हणालास, "पाठीत केसभर सरकतंय. पण चालेल. आता याला हात लावू नकोस, दादा."

मी हात लावला.

तू गेल्यावर मला चैन पडेना. केसभर तरी का सरकावं? माझ्या हातचं जॅकेट, माझा भाऊ. मी समोरची पाचही बटणं सोडवली आणि एक-एक सेंटिमीटर आत घेऊन लावली. मग नेहमीसारखं स्वतःच्या अंगावर घालून ओढून पाहिलं. तुझं माप म्हणजे माझं माप, हे आपल्या घरात सोळाव्या वर्षापासून चालत आलेलं. साडेसात भरलं. मी खूश झालो.

पण त्या महिन्यात मी पंधरा दिवस तापानं अंथरुणाला खिळलो होतो, हे तुला आठवत असेल. सहा किलो उतरलो होतो. विजार कमरेला दोरीनं बांधून दुकानात बसत होतो, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही की आपण आता भावाचं माप उरलो नाही. तू जाड झाला नव्हतास. मी वाळलो होतो.

स्पर्धेच्या सकाळी तू बटणं लावताना म्हणालास, "आज घट्ट वाटतंय रे." मी म्हटलं, "थंडीनं कॅनव्हास आकसतो." तिथे सांगितलं असतं तरी निभावलं असतं. मला वाटलं, पालथा पडल्यावर कळेल त्याला, कसं बसलंय. उठल्यावर सांगू, गंमत.

मग तपासणीचं टेबल. काट्याला हात घालून बसणाऱ्या त्या बाई, ज्यांना सगळी रेंज पाठीमागे काटाबाई म्हणते. त्यांनी एकदा ओढलं. पुन्हा ओढलं. "पावणेसात. नापास. दुरुस्त करून आणा, चाळीस मिनिटं आहेत."

सगळी रांग आपल्याकडे पाहत होती. तू माझ्याकडे वळलास. नुसतं "दादा?" एवढंच म्हणालास. मला तिथे दोन वाटा होत्या. मी मोठ्यानं म्हणालो, "जॅकेट तेच आहे! पोट सुटलंय याचं, त्याला शिंपी काय करणार?"

हशा पिकला. मीही हसलो. तू जॅकेटाखाली हात घालून स्वतःचं पोट चाचपलंस. ते चाचपणं मला अजून दिसतं.

तू विचारलंस, सुई-दोरा आहे का. मी नाही म्हटलं. तू जॅकेटाशिवाय, नुसत्या स्वेटरवर पट्टा आवळून पालथा पडलास. साठ गोळ्या. कोपरं सोलून निघाली, दंडावर पट्ट्याचा काळानिळा वळ उठला. चौघं निवडले गेले, तू पाचवा आलास, दोन गुणांनी.

त्यानंतर रेंजवरची पोरं तुला नावानं हाक मारीनाशी झाली. "काय पावणेसात, चहा घेणार का?" "पावणेसात, आज डबा हलका आणलाय ना?" तू हसून घालवायचास, असं औषधवाल्यानं मला सांगितलं होतं. बंदूक मात्र पुन्हा हातात घेतली नाहीस. आणि संध्याकाळचं जेवण निम्मं केलंस, हे तुझ्या घरून वहिनीच्या कानावर आलं होतं. ती मला म्हणाली, "बरंच झालं, वजन आटोक्यात येईल." मी ताटावर मान घालून बसलो.

आज एवढंच. आज रात्री झोप येणार नाही. ते यंत्र ठोके मोजून देतं, बाकीच्याला त्याचा इलाज नाही.


११ जानेवारी, शनिवार
संध्याकाळ

मला वाटलं होतं, काल लिहिलं ते सगळं होतं. तसं नव्हतं.

आज सकाळी काटाबाई समाचाराला आल्या. हातात सफरचंदं, काखेत छत्री, उन्हाळा-हिवाळा असतेच. वहिनीनं चहा ठेवला. त्यांनी माझी विचारपूस केली, मग तुझा विषय निघाला. त्या म्हणाल्या, "भावानं वेळेवर ओळखलं म्हणे. नजर आहे त्याची, यात शंका नाही. फक्त..." आणि त्या थांबल्या.

मी विचारलं, "फक्त काय?"

"जाऊ द्या. आजारी माणसापुढे कशाला."

मी हट्ट धरला. तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. "रेंजवर मुलांना शिकवायच्या जागेसाठी त्याचं नाव दोनदा समितीपुढे आलं. दोन्ही वेळा मीच नको म्हटलं. त्या दिवशी तुमच्या भावाच्या जॅकेटावर बटणांच्या शेजारी जुन्या दोऱ्याची भोकं होती, ताजी. बटणं आदल्या दोन-तीन दिवसांत सरकवलेली होती. पोट सुटलं वगैरे मी ऐकलं आणि सोडून दिलं, तोंडावर बोलले नाही. पण जो नियमाच्या कडेवरून जाऊ बघतो, त्याच्या हाती मुलं कशी द्यायची?"

पोटावरून मी तुझं हसं केलं, एवढंच माझं पाप आहे, असं मी सात वर्षं धरून चाललो होतो. त्या मापानंच मी स्वतःला माफ करत आलो होतो. आणि या बाईच्या मनात तू सात वर्षं लबाड होतास.

मी म्हटलं, "बाई, बटणं मी सरकवली. त्याला माहीतसुद्धा नव्हतं. त्यानं हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं."

वहिनी चहाचं भांडं घेऊन दारात उभी होती. ती तिथेच थांबली.

काटाबाईंनी कप बशीत सरळ केला. मग हिशेबी आवाजात विचारलं, "चाळीस मिनिटं होती. पाच बटणं परत मूळ जागी लावायला तुम्हाला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं."

"मग का नाही लावलीत?"

"सुई नव्हती," असं मी म्हणालो. सात वर्षं तेच म्हणत आलो होतो, तोंडात बसलं होतं. पण वहिनी माझ्याकडे पाहत होती. पंचवीस वर्षं माझ्या सदऱ्याच्या खिशाला टोचलेली सुई धुण्याआधी तीच काढून ठेवते. मी कुठेही गेलो, अगदी मयताला गेलो तरी माझ्या पिशवीत सुई, मेणवलेला दोरा आणि कात्री असते.

मी म्हटलं, "होती. पिशवीत होती. बटणं परत जागेवर लावायला बसलो असतो तर सगळ्या रांगेला भोकं दिसली असती. तुम्हाला दिसली असती. दुकान जेमतेम उभं राहत होतं. मी नाही म्हटलं."

हे, धाकट्या, मी कालही तुला लिहिलं नाही. 'मी नाही म्हटलं' एवढंच लिहिलं, तू वर जाऊन बघ. तू पट्टा स्वेटरवर आवळत होतास, आणि सुई माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती.

काटाबाईंनी छत्री उचलली. "पुढच्या शनिवारी समिती बसते आहे. लेखी द्या." मी तिथल्या तिथे लिहून दिलं. त्याची नक्कल तुझ्यासाठी इथे उतरवतो:

"मी, खाली सही करणारा शिंपी, लिहून देतो की सात वर्षांपूर्वीच्या निवडस्पर्धेत माझ्या भावाच्या जॅकेटाची बटणं मी त्याला न सांगता, त्याच्या मनाईविरुद्ध सरकवली. त्यामुळे जॅकेट तपासणीत नापास झालं. जवळ सुई असूनही मी ती दिली नाही, आणि चारचौघांत दोष त्याच्या अंगावर ढकलला. त्याचा यात कोणताही अपराध नाही."

त्यांनी उभ्यानंच वाचलं, चष्मा काढला, घडी केली. "हे मी बैठकीत मोठ्यानं वाचणार. आणि तुमच्या दुकानातली जॅकेटं यापुढे दोनदा मोजणार."

"चार वेळा मोजा," मी म्हटलं.

दारात त्या वळल्या. "माझंही चुकलं. भोकं दिसली तेव्हा त्याला विचारायला हवं होतं. मी मोजलं, विचारलं नाही." आणि जिना उतरून गेल्या.

वहिनीनं कप विसळले, ओटा पुसला. मग समोर येऊन बसली. "सात वर्षं मी त्याला गर्विष्ठ म्हणत आले. माझ्या तोंडून किती काय काय गेलंय त्याच्याबद्दल, आठवतं तरी का तुम्हाला?" मी म्हटलं, आठवतं. ती म्हणाली, "पत्र पुरं करा. उद्या मी नेऊन देते. आणि मलाही त्याच्याशी बोलायचंय, ते तुमच्या पत्रात घुसडू नका."


१२ जानेवारी, रविवार
दुपार

ती साडी बदलते आहे, तेवढ्यात हे संपवतो.

कागद समितीकडे देताना मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू "जाऊ दे दादा, जुनं कशाला" म्हणाला असतास, आणि मी तुझ्या मोठेपणाआड पुन्हा लपलो असतो. ती शिकवायची जागा घ्यायची की नाही, हे मात्र तुझं तू ठरव. मी त्यात बोट घालणार नाही. रेंजवरची मंडळी दुकानाला नावं ठेवतील, काहीजण तुटतील. औषधवाल्याला मी काल फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझं जॅकेट तरी अकरा वेळा उसवलंत ते बरं झालं, त्यात तुमची एकही जुनी शिवण उरली नाही." हसला. मग म्हणाला, "त्याला पावणेसात मीच जास्त वेळा म्हटलंय." आणि फोन ठेवला.

तू दवाखान्यात मागितलेली माफी मी परत करतो. ती माझ्याकडे ठेवण्यासारखी नाही. तुला माझ्यावर रागवायचं असेल तर आता खऱ्या कारणासाठी रागव, सात वर्षं तू चुकीच्या कारणासाठी रागावलास आणि शेवटी स्वतःलाच दोषी धरलंस. मला ते सगळ्यात जास्त लागतं.

आणि तरीही, हे सगळं लिहून झाल्यावर मनात काय उरलं म्हणशील, तर उपकारच. मी जिवंत आहे म्हणून हे सांगू शकलो. त्या दिवशी माझ्यामागे तू थांबला नसतास, तर तुझं पोट सुटलं होतं असंच तू जन्मभर मानलं असतंस, आणि मी ते तसंच घेऊन गेलो असतो. तू माझा नुसता जीव वाचवला नाहीस.

गुरुवारी दहाला निघायचं आहे. आलास तर काही बोलायलाच हवं असं नाही, स्कूटरचा आवाज पुरे. नाही आलास तर वहिनी मला नेईल. तपासणी चुकवणार नाही, गोळ्या चुकवणार नाही, हा शब्द मात्र दोन्ही परींनी घे. तू मिळवून दिलेलं आयुष्य मी निष्काळजीपणानं वापरणार नाही.

मोठ्यानं धाकट्याला पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहावा, अशी रीत आहे. आज ती मला पाळता येत नाही. वयानं मोठा आहे, तेवढंच. समोर वाकलो तर तू दोन पावलं मागे सरशील हे माहीत आहे, म्हणून कागदावरच करतो.

साष्टांग नमस्कार.

दादा